शेवटची चार शून्यं

रेणुकाने कानातलं मशीन उपसून काढलं आणि सरळ वरणाच्या पातेल्यात फेकलं.

पंगत नुकतीच बसली होती. वाढणाऱ्या मावशी पळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. शिंदे सरांनी बाही वर केली, पातेल्यात हात घातला, मशीन चाचपून काढलं आणि रुमालाला पुसलं. वरण कोमट होतं म्हणून निभावलं. मग त्यांनी मशीन खिडकीतल्या उन्हात ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "म्याडम, वाटप झाल्यापासून रोज हेच चालू हाय. काल हौदात टाकलं होतं."

शाळा कर्णबधिर मुलांची, पालमपासून जवळच, निवासी. मी तिथे दोन मुलांच्या चुकलेल्या जन्मतारखा दुरुस्त करायला गेले होते. जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात मी मुलांची माहिती सांभाळते. पदाचं नाव लांबलचक आहे, कंत्राट दरवर्षी नव्याने होतं आणि सगळे मला 'डाटा मॅडम' म्हणतात. मूल कुठल्या शाळेत आहे, त्याचं नाव काय, नंबर काय, हे सगळं जागच्या जागी राहिलं पाहिजे एवढंच माझं काम. ते नीट झालं तर कुणाला कळत नाही. बिघडलं की सगळ्यांना मी आठवते.

पंगतीच्या टोकाला एक बाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्यापुढचं ताट तसंच होतं. ती रेणुकाची आई, गंगासागरबाई. सोनपेठच्या बाजूच्या गावातून दोन एसटी बदलून आली होती. लेकीला घेऊन जायला.

"इथं ठिवून काय करू सर?" ती म्हणाली. "घरी होती तवा निदान हसत तरी होती. आता कुणी कानाजवळ हात नेला की चावायलीय."

"ताई, सवय होईल," शिंदे सर म्हणाले. "सगळ्याच लेकरायला सुरवातीला जड जातंय. मशीन देणाऱ्या कंपनीच्या माणसानं सांगितलंय, धीर धरा, रोज जरा जास्त वेळ घालत जा."

मला 'सवय होईल' या दोन शब्दांचा फार राग आहे. नवीन पोर्टल आलं आणि ते चालेना, की आम्हालाही हेच सांगतात. पण शिंदे सरांचं चुकत नव्हतं. मुलांना पहिल्यांदा श्रवणयंत्र लावलं की बरीच मुलं खरंच काढून टाकतात. ज्याला जन्मापासून शांतता माहीत, त्याला अचानक गोंगाट नकोसा होतो. हळूहळू सवय लागते हेही खरं.

मला खटकलं ते वेगळंच. रेणुका या शाळेची घंटा ऐकणारी पोरगी होती. मधल्या सुट्टीनंतर शिपाई लोखंडी तुकड्यावर टोले द्यायचा, तेव्हा अंगणात खेळणाऱ्या मुलांपैकी पहिली थबकायची ती रेणुका. मग ती धावत धावत एकेकाच्या पाठीवर थाप मारायची आणि सगळे वर्गात जायचे. मी आधीच्या खेपेला हे स्वतः बघितलं होतं. तिला थोडं ऐकू येत होतं, थोडं बोलताही येत होतं. म्हणजे आवाजाची सगळ्यात जास्त ओळख असलेली हीच पोरगी, आणि मशीनला सगळ्यात जास्त भ्याली तीही हीच.

"ओंकार बघा की म्याडम," सरांनी समोरच्या मुलाकडे बोट केलं. "ह्याला कायबी ऐकू येत न्हाई, पण मशीन घालून कसा शहाण्यावाणी बसतोय."

ओंकार खरोखर शहाण्यासारखा बसला होता. मागे कुणाच्या हातून पेला पडला, फरशीवर खणखणला. ओंकार भात कालवत राहिला.

इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल. श्रवणयंत्र हे चष्म्यासारखं असतं, ज्याचा नंबर त्याला. आधी कानाची तपासणी होते. कुठला आवाज किती मोठा केल्यावर मुलाला ऐकू येतो त्याचा एक आलेख निघतो, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. त्या आलेखाप्रमाणे कॉम्प्युटरला जोडून यंत्राची सेटिंग करतात. आमच्या वाटपात ती मुलांचे नंबर जुळवून कंपनीनेच आधी करून पाठवली होती. दुसऱ्याचा चष्मा घातला तर डोकं दुखतं. दुसऱ्याचं श्रवणयंत्र घातलं तर तेवढ्यावर भागत नाही. थोडं ऐकू येणाऱ्या मुलाच्या कानात खूप बहिऱ्या मुलाचं यंत्र अडकवलं, तर जे काही ऐकू येत होतं तेही जायची भीती असते.

"सर, मशीनची अदलाबदल तर झाली नाही ना?" मी विचारलं.

"न्हाई म्याडम. मशीनवर मशीनचा नंबर हाय, यादीत पोराच्या नावापुढं त्योच नंबर हाय. मी स्वतः जुळवून दिलेत. तसली गफलत आमी करत नसतो." सर जरा दुखावलेच. आत जाऊन ते वाटपाची यादी घेऊन आले.

मुलांचे नंबर मी उजवीकडून वाचते. पहिल्यापासूनची सवय आहे. डावीकडून सगळे सारखेच दिसतात, फरक असतो तो शेवटी. तसं वाचत गेले आणि रेणुकाच्या नंबरावर थांबले. शेवटी चार शून्यं. तिच्या वरच्या मुलाच्या नंबराच्या शेवटीही चार शून्यं. ओंकारचीही चार. अख्ख्या वर्गाची चार शून्यं.



आपल्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला एकोणीस आकडी नंबर आहे. पहिले चार आकडे वर्षाचे. पुढचे अकरा शाळेचे. शेवटचे चार त्या मुलाचे. म्हणजे पहिल्या पंधरा आकड्यांत मूल कुठेच नसतं, नुसतं वर्ष आणि शाळा. मूल असतं शेवटच्या चारांत. आणि त्या चारांच्या जागी शून्यं आली की एका वर्षी एका शाळेत आलेली सगळी मुलं मिळून एकच मूल होतं.

आता ही शून्यं येतात कशी? एक्सेलमध्ये. एक्सेलला आकडा दिसला की बेरजा-वजाबाक्या करायची घाई होते. आपण विद्यार्थ्याचा नंबर टाकतो, त्याला वाटतं ही काहीतरी भली मोठी रक्कम आहे. आणि रक्कम असली तर तो पहिले पंधरा आकडेच लक्षात ठेवतो, पुढच्यांच्या जागी शून्य मांडतो. एखादी कंपनी फायदा मोजत असेल तर शेवटच्या चार आकड्यांनी काय बिघडतंय? त्याच्या हिशेबाने तो बरोबरच आहे. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की बाबा, ही रक्कम नाही, हे लेकरू आहे.

"सर, ती नळी आहे का तुमच्याकडे? मशीन तपासायची?"

कर्णबधिरांच्या शाळेत डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखी एक नळी असते. एका टोकाला मुलाचं मशीन लावायचं, दुसरी टोकं आपल्या कानात. मशीन चालू आहे की नाही ते कळतं. शिंदे सर रोज सकाळी प्रत्येक मशीन असं तपासायचे. आवाज आला की चालू, नाही आला की सेल बदलायचा. यापेक्षा जास्त काही तपासायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरुवात केली. अभिषेक. त्याचं मशीन नळीला लावलं आणि सरांना लांबून एक टाळी वाजवायला सांगितली. आवाज मोठा होता, कानाला लागला. मग रेणुकाचं मशीन खिडकीतून आणलं, सेल घातला. सरांनी तशीच टाळी वाजवली. तेवढाच आवाज. मग ओंकारचं. परत तेवढाच.

"आता तुम्ही ऐका," म्हणून मी नळी सरांना दिली आणि टाळ्या मी वाजवल्या. ते एकेक मशीन लावत गेले. तिसऱ्या-चौथ्या मशीननंतर त्यांनी नळी कानातून काढली आणि तशीच हातात धरून राहिले.

"सगळी सारखीच बोलायलीत म्याडम," ते म्हणाले. "अभिषेकच्या मशीनवाणी."

"यादीत पहिला अभिषेक, त्याचीच सेटिंग सगळ्यांना लागलीय. त्याला ते बरोबर आहे. रेणुकाला फार मोठं होतंय. ओंकारला फार बारीक."

"म्हणजे ओंकारला..."

"ओंकारला काहीच ऐकू येत नाहीये. म्हणून तो शहाण्यासारखा बसलाय."

सर खाली बघत राहिले. तो माणूस वाईट नव्हता, उलट त्या शाळेत मुलांवर सगळ्यात जास्त जीव त्यांचाच. मुलगी रडत असताना तिच्या कानात परत परत मशीन घालत राहिलो, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं मला दिसत होतं आणि मला त्यांची कणव आली.

मी म्हटलं, अभिषेकचं राहू द्या, बाकी या वर्गाच्या मशीनचे सेल काढून ठेवा. सर घुटमळले. "आदेशाशिवाय कसं काढू? वरून इत्तला आलीय, रोज किती वेळ मशीन घातलं ते कळवायचंय."

आम्ही दोघं आदेशावर बोलत असताना गंगासागरबाई उठली. सगळं तिला कळलं होतं असं नाही, पण लेकीला मशीन दुखत होतं आणि त्याचं खरं कारण होतं, एवढं कळलं होतं. तिने रेणुकाचं मशीन उचललं, झाकण उघडून सेल काढला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

"घ्या. माझ्या लेकीचा मी काढला. मला कुणाचा आदेश लागत न्हाई." मग माझ्याकडे वळली. "म्याडम, पुढच्या बाजाराच्या दिवशी मी पुन्हा येते. तवर काही झालं न्हाई तर लेकरू घेऊन जाते. मग तुमी मला साळा-बिळा सांगू नका."

ती जे बोलली ते करणार होती. आणि रेणुका एकदा घरी गेली की परत येणार नव्हती, हे तिघांनाही माहीत होतं. आणखी दोन-तीन वर्षं बोलणं कानावर पडलं नाही तर जे थोडं बोलता येत होतं तेही विरून गेलं असतं. अशी मुलं मी यादीत बघते. 'शाळाबाह्य' असा एक रकाना आहे.

परभणीला पोचेपर्यंत ऑफिस सुटायची वेळ झाली होती. साहेब निघायच्या तयारीत होते. मी दारातच सगळं सांगितलं. ते परत खुर्चीत बसले.

"मॅडम, वाटप झालंय. अहवाल वर गेलाय. फोटो गेलेत. आता सगळं परत मागवायचं म्हणजे काय होतं माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे साहेब."

"फोटोत पोरं चांगली हसायलीत की."

"फोटोच्या वेळी मशीनमध्ये सेल नव्हते. सेल मागून आले."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण आपण पडताळणी केली होती. सेलूकडच्या शाळा बघितल्या, जिंतूरकडच्या बघितल्या. सगळं व्यवस्थित होतं."

यावर मी वाटेत एसटीत विचार केला होता. पडताळणीला आम्ही साध्या शाळा निवडल्या होत्या. साध्या शाळेत कर्णबधिर मूल एखादंच असतं. शेवटचे चार आकडे गेले तरी त्या शाळेचं त्या वर्षाचं यादीत एकच मूल, त्यामुळे गोंधळायला दुसरं कुणी नाही. त्याला त्याचंच मशीन मिळालं. चूक दिसणार होती ती फक्त जिथे अशी मुलं एकत्र आहेत तिथे. आणि तिथे कुणी गेलंच नव्हतं. खास मुलांची शाळा आहे, तिथले शिक्षक तयार आहेत, तिथे काय बघायचंय, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

साहेबांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. निखिल नावाचा पुण्याचा मुलगा. बोलायला गोड.

"मॅम, चूक होणं शक्य नाही. तुमची यादी आणि तपासणीचे निकाल फॉर्म्युल्याने जुळवून प्रत्येक मशीन सेट केलंय. हाताने काहीच नाही."

"तुम्ही आमची फाइल कशी उघडली?"

"कशी म्हणजे? डबल क्लिक करून."

"नंबर कसे दिसत होते?"

"हां, ते आधी विचित्र दिसत होते. दोन पॉइंट काहीतरी, ई प्लस अठरा. पण मी फिक्स केलं ना ते. फॉरमॅट नंबर केला, कॉलम रुंद केला. मग पूर्ण एकोणीस आकडे आले. मी स्वतः मोजले मॅम."

तिथेच माशी शिंकली होती. ई प्लस अठरा ही एक्सेलची मोठा आकडा आखूड लिहायची पद्धत. दिसायला घाणेरडी, पण ती दिसली की समजावं, एक्सेलने आपल्या नंबराची रक्कम केली. तिथे हात थांबवायचा आणि फाइल न साठवता बंद करायची. निखिलने तो डाग पुसून टाकला. आकडे एकोणीसच्या एकोणीस भरले, दिसायला स्वच्छ झाले आणि तशीच फाइल साठवली. तपासणीच्या निकालांच्या फाइलचंही त्याने तेच केलं. दोन्हीकडे सारखीच शून्यं, म्हणून फॉर्म्युलाही कुरकुरला नाही. हा फॉर्म्युला म्हणजे व्हीलुकअप. तो हजेरी घेणाऱ्या कंटाळलेल्या मास्तरासारखा असतो. नंबर पुकारायचा, पहिला जो 'हजर' म्हणेल त्याला धरायचं आणि पुढे बघायचं नाही. या वर्गात पहिला होता अभिषेक. दर वेळी तोच हजर झाला.

"निखिल, त्या वर्गातल्या दोन मुलांचे नंबर मला वाचून दाखवा. शेवटचे चार आकडे," मी म्हटलं.

फोनवर बटणं दाबल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "शून्य, शून्य, शून्य, शून्य. दुसऱ्याचेही तेच."

साहेबांना मात्र अजून पटत नव्हतं. "कॉम्प्युटर असा आकडा कसा बदलेल? टाकला तसा राहायला पाहिजे." मी माझा लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. म्हटलं, तुम्हीच टाका, कुठलाही एकोणीस आकडी नंबर, शेवटी एक-दोन-तीन-चार. साहेब एका बोटाने टाइप करतात. त्यांनी सावकाश टाकला, एंटर दाबलं. मी चौकट रुंद करून नंबर पूर्ण उघडून दाखवला. शेवटी चार शून्यं. त्यांनी पुसून परत टाकला. परत शून्यं. मग त्यांनी एंटरचं बटण मुद्दाम हळू दाबून बघितलं.

"आता त्याच चौकटीचं फॉरमॅट टेक्स्ट करते. म्हणजे त्याला सांगते, ही रक्कम नाही, नाव समज. टाका परत."

या वेळी एक-दोन-तीन-चार जागेवर राहिले. साहेब स्क्रीनकडे बघत बसले. बाहेर शिपायाने खिडक्या लावायला सुरुवात केली होती.

"माझ्या आईला असलंच मशीन आणलं होतं," ते एकदम म्हणाले. "ती घालायची नाही. डब्यात ठेवून द्यायची. आम्ही सगळे तिच्यावर चिडायचो, एवढं चांगलं आणून दिलंय आणि हट्ट करायलीय म्हणून. तिचं कुणी तपासलंच नाही."

मी लॅपटॉप मिटला.

मग ते परत साहेब झाले. पत्रात 'चूक' हा शब्द नको म्हणाले, 'परत मागवणे' नको म्हणाले. शेवटी 'वाटपोत्तर तपासणीचा दुसरा टप्पा' असं नाव ठरलं. मला हसू आलं. पण नाव काहीही द्या, मुलांच्या कानातून ते निघालं म्हणजे झालं. पत्र त्याच संध्याकाळी गेलं. शिंदे सरांना त्यांचा आदेश मिळाला. जिथे एकापेक्षा जास्त मुलं होती त्या सगळ्या शाळांची नावं मी खाली जोडली.

माझ्याकडची मूळ फाइल शाबूत होती. शाबूत असायलाच हवी, त्याचाच मला पगार मिळतो. निखिल त्या आठवड्यात स्वतः आला. सोबत पाठक मॅडम होत्या. त्या परभणीच्या श्रवणतज्ज्ञ, मुलांची पहिली तपासणी त्यांनीच केली होती. आधी मी निखिलला समोर बसवून फाइल डबल क्लिक न करता आत घ्यायला लावली, नंबराचा कॉलम टेक्स्ट म्हणून निवडायला लावला आणि शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचायला लावले. तो न कुरकुरता वाचत गेला. मध्येच म्हणाला, "मॅम, मला खरंच वाटलं होतं की मी नीट केलंय." मला त्याचा राग होता, तो तिथे जरा ओसरला. नीट दिसावं म्हणून माणूस जे करतो त्यातच कधी कधी घात होतो, आणि ते मी माझ्या धंद्यात रोज बघते.

शाळेत पाठक मॅडमनी एकेका मुलाला समोर बसवलं, त्याचा छापील ऑडिओग्राम शेजारी ठेवला आणि मशीन वायरीने लॅपटॉपला जोडून सेटिंग बदलली. ओंकारचं झाल्यावर तो थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग त्याने पुढ्यातली कंपासपेटी बाकावर आपटली. थांबला. परत आपटली. जेवायच्या वेळी ताटावर चमचा वाजवायला लागला तो थांबेचना. एरवी पंगतीत आवाज केला की शिंदे सर डोळे वटारतात. त्या दिवशी ते त्याच्याशेजारी मांडी घालून बसले आणि त्याला आणखी एक चमचा आणून दिला.

रेणुका मात्र सापडेना. पाण्याच्या टाकीमागे दोन्ही कानांवर हात दाबून बसली होती. पाठक मॅडम गेल्या तर तिने मातीच फेकली. सर गेले तर किंचाळली. तिचा आता कुणावरच विश्वास नव्हता, आणि का असावा? मशीन दुरुस्त करता येतं, त्याची वायर असते. हे कसं दुरुस्त करायचं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

तो बाजाराचा दिवस होता. दुपारी गंगासागरबाई आली. हातात रिकामी पिशवी होती, लेकीचे कपडे भरायला आणलेली. आम्ही तिला सगळं सांगितलं. तिने पाठक मॅडमना एकच विचारलं, "आता दुखणार न्हाई, हे तुमाला नक्की माहीत हाय?"

"नक्की," पाठक मॅडम म्हणाल्या.

"मग आधी माझ्या कानात घाला."

पाठक मॅडमनी आपल्याजवळचा सेल घालून, आवाज कमी करून मशीन तिच्या कानाशी धरलं. ती टाकीपाशी गेली आणि लेकीसमोर जमिनीवर फतकल मारून बसली. मशीन कानाला धरून तिने डोळे मिटले, मान डोलावली. रेणुका बघत होती. मग आईने मशीन माझ्याकडे केलं. मीही कानाला धरलं. झाडावरच्या साळुंक्यांचा कलकलाट जवळ आल्यासारखा वाटला, पण कानाला बोचलं काही नाही. मग शिंदे सर. मग मावशी, हातातली पळी तशीच धरून. त्या टाकीमागे आमची एक रांगच लागली. साहेब असते तर मी त्यांनाही उभं केलं असतं.

शेवटी रेणुकाने हात पुढे केला. कुणाला घालू दिलं नाही, मशीन स्वतःच घेतलं. उलटसुलट करून बघितलं. गंगासागरबाईने पदराची गाठ सोडली, त्यातला सेल काढून तिच्या तळहातावर ठेवला. पाठक मॅडमनी आपला सेल काढून तो घालण्यापुरतं आणि आवाज कागदाप्रमाणे लावण्यापुरतं मशीन मिनिटभर मागून घेतलं आणि लगेच परत दिलं. रेणुकाने ते कानात घातलं. अर्धं काढलं. परत घातलं.

मी तिच्यासमोर वाकले आणि आम्ही सगळे तिच्याशी कायम बोलतो तसं, घसा ताणून, एकेक शब्द तोडून ओरडले, "रेणुका! कसं वाटतंय?"

तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि तळहात माझ्या तोंडासमोर धरला. बोलणं थोडं अस्पष्ट होतं, पण सगळ्यांना कळलं.

"म्याडम, हळू की. ऐकू यायलंय."

गंगासागरबाई हसता हसता रडायला लागली. रिकामी पिशवी तिने घडी करून काखेत मारली आणि शेवटच्या एसटीने एकटीच गेली. पाठक मॅडमनी पुढे रेणुकाची परत तपासणी केली. तिला आधी जेवढं ऐकू येत होतं तेवढं शाबूत होतं. पातेल्यात फेकलं तेच बरं केलं पोरीने.

ऑपरेटरांची प्रशिक्षणं मी घेते, तेव्हा आता सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. ज्या नंबराची तुम्ही कधी बेरीज करणार नाही, तो आकडा नाही, ते कुणाचं तरी नाव आहे. आधी चौकटीला टेक्स्ट सांगा, मग नंबर टाका, आणि वाचताना उजवीकडून वाचा. मागच्या बाकावरचे मोबाईल बघत असतात. पूर्वी मी त्यांच्यावर ओरडायचे. आता तोंड उघडलं की समोर तो तळहात दिसतो, आणि मी तीच गोष्ट परत एकदा हळू आवाजात सांगते.